हौसेचं दुखणं

“हर्निया म्हणायचं,” बाळने पुन्हा एकदा बजावलं. “बेंबीचा. गाठोडी उचलून उचलून झाला. एवढंच. पुढे कोणी खोदून विचारलं तर कण्हायचं आणि डोळे मिटायचे.”

पन्नाशीला टेकलेल्या या माणसाला घरात अजून सगळे बाळच म्हणत, आणि अशा वेळी त्याच्या बायकोला, घरातल्या धाकटीला, वाटायचं, ते नाव काही उगाच चिकटलेलं नाही.

ती खिडकीजवळच्या आरामखुर्चीत होती. गुडघ्यांखाली दोन उशा, पाठीला एक. ऑपरेशन होऊन तिसरा आठवडा लागला होता. ओटीपोटावर या कमरेपासून त्या कमरेपर्यंत टाके, त्यावर घट्ट पट्टा आणि पट्ट्याच्या कडेतून बाहेर आलेली एक बारीक नळी. नळीच्या टोकाला रबरी फुगा होता, आतून झिरपणारं पाणी त्यात साठायचं. दुसरी नळी सर्जनबाईंनी काढून टाकली होती. लेकीने, चिमीने, गाऊनला आतून खिसा शिवून दिला होता, फुगा त्यात बसायचा. उभं राहिलं की धाकटी कमरेत वाकलेलीच असे, जमिनीवर पडलेली सुई शोधत असल्यासारखी. सरळ व्हायची घाई करू नका, सर्जनबाईंनी सांगितलं होतं. ताणलेली कातडी आधी हट्ट करील, मग तुमचं ऐकेल.

“मी खोटं बोलणार नाही,” धाकटी म्हणाली.

“खोटं कुठाय त्यात? पोटाचे स्नायू फाकलेच होते की नाही? ते शिवलेच की नाही? मग झाला ना हर्निया. जवळजवळ.”

“आणि हातरुमालाएवढी कातडी कापून काढली, ती कशात धरायची?”

“अगं, हळू बोल. जिन्यात ऐकू जातं.”

“जाऊ दे.”

बाळने खिडकीतून खाली पाहिलं. खाली लाँड्री आणि आईंची खोली, वर घर. आज साप्ताहिक सुट्टी, काउंटरची फळी बंद होती; पण हॉटेलच्या चादरींना सुट्टी नसते. सकाळीच धुऊन, इस्त्री होऊन त्यांची गाठोडी मागच्या खोलीत रचली होती. ती पोचवायची होती. त्याआधी दादा-वहिनी धाकटीला बघायला येणार होते, आणि आईही वर येणार होत्या.

“फक्त आजचा दिवस,” तो काकुळतीला आला. “आईसमोर तरी.”

“आईंसमोरच तर नाही,” ती म्हणाली.

*

मधल्या पायरीवर आई थांबल्या. दम लागला म्हणून नव्हे. वरचा आवाज एकदम बंद झाला म्हणून. आपल्या पावलांनी घरातलं बोलणं थांबतं, याची त्यांना जुनी सवय होती. नवरा गेल्यापासून लाँड्री त्यांनीच ओढली होती. वाफेच्या नळीने नवऱ्याचा हात सोलून निघाला होता तेव्हाही काउंटर उघडाच राहिला होता. दुखण्याला बसायला खुर्ची दिली की ते मुक्कामाला राहतं, असं त्यांचं मत होतं. म्हणून तर परवा त्यांनी खालून हाक मारली होती, “धाकटे, तेवढं अभ्र्यांचं गाठोडं वरून दे गं,” आणि तिने दिलंही होतं. किरकोळ ऑपरेशन आहे, आठवड्यात उठेल, असं बाळच म्हणाला होता.

दादा आणि वहिनी आधीच येऊन बसले होते. वहिनींनी सफरचंदं आणली होती आणि बरोबर आपली बारीक नजरही. धाकटीच्या जागी त्या दोन आठवडे वाफेच्या इस्त्रीवर उभ्या होत्या. मनगटावर चटक्याचा लाल डाग होता आणि तो दिसेल असाच हात त्यांनी मांडीवर ठेवला होता.

“हर्नियाला एवढा मोठा पट्टा?” वहिनींनी विचारलं.

“वेगवेगळे प्रकार असतात,” बाळ म्हणाला.

“माझ्या मित्राचा झाला,” दादा म्हणाला, “त्याच आठवड्यात स्कूटरवर फिरत होता.”

“त्याचा साधा होता.”

“आणि नळी?” वहिनी म्हणाल्या. “हर्नियात पाणी कुठलं साठतं?”

बाळने घसा साफ केला. चिमी चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकली. धाकटीने खुर्चीच्या हातांवर दोन्ही तळवे ठेवले.

“हर्निया नाही, वहिनी. पोट कमी करून घेतलंय मी. सैल कातडी काढली, फाकलेले स्नायू शिवून घेतले. सुंदर दिसायला करतात ते ऑपरेशन. तेच.”

दादा खुर्चीत पुढे सरकला.

“म्हणजे... हौसेने?” दादा म्हणाला.

“हौसेने.”

“अगं, पण तुला काय कमी होतं?”

“कमी नव्हतं, जास्तच होतं. तेच तर.”

चिमीला हसू आलं. तिने ते ट्रेमागे दडवलं. आई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“धडधाकट बाई उठून पोट फाडून घेते,” त्या म्हणाल्या. “काय म्हणायचं याला?”

“सांगू का, आई? रागावू नका. पूर्ण ऐका.” धाकटीने श्वास जपून घेतला, पट्ट्यात मोठा श्वास मावत नसे. “जुळी झाली तेव्हापासून पोट कधी आत गेलंच नाही. व्यायाम केला, जेवण कमी केलं, वजन उतरलं. पोट लोंबायचं तसंच राहिलं. हॉटेलात मागच्या दाराला ती चादरी मोजून घेणारी बाई आहे ना? तिने एकदा माझ्या हातातलं गाठोडं काढून घेतलं. म्हणाली, अशा अवस्थेत उचलू नका, कितवा महिना? तेव्हा माझी दोन्ही पोरं कॉलेजात होती.”

“मग?” वहिनी.

“ती बिचारी ओशाळू नये म्हणून मी म्हटलं, सहावा.”

“आई गं!”

“मग काय! पुढे वर्षभर त्या दाराला फिरकले नाही. मूल कुठून दाखवणार होते? यांनाच पाठवत राहिले.”

आता मात्र दादा खो-खो हसला, वहिनींनीही तोंडाला हात लावला. आईंच्या ओठाची कड हलली आणि पुन्हा जागेवर आली. धाकटी हसली नाही. हसलं की टाके ओढत.

“पाठ दुखायची हेही खरं,” ती म्हणाली. “पण पाठीसाठी केलं असं सांगून मी सुटणार नाही. मला ते पोट नको होतं. माझं होतं, आणि मला नको होतं. बस.”

चिमीने ट्रे खाली ठेवला. “आमच्यामुळेच झालं ना ते?” ती हळूच म्हणाली.

“तुमच्यामुळे पोट झालं. ओझं वाटलं ते पोटाचं, तुमचं नाही. समजलं? चहा दे सगळ्यांना.”

आईंनी कप घेतला नाही. “माझं ऐका आता. दुखणं दोन तऱ्हेचं असतं. एक आपसूक येतं, एक आपण आणतो. आलेल्या दुखण्यासाठी घर राबतं. आणलेल्यासाठी, ज्याने आणलं त्याने राबायचं. थोरलीने तुझ्या जागी चटके खाल्ले ते दुखणं समजून. उद्यापासून ती तिच्या कामाला. तू काउंटरला ये. उचलू नको, नुसती बस.”

“काउंटरला नुसतं बसता येत नाही, आई. तुम्हालाच माहीत आहे. गठ्ठे वर टाकावे लागतात, खाली काढावे लागतात. मला अजून नीट उभंही राहता येत नाही.”

“ते आधी कळायला हवं होतं.”

“कळलं होतं. म्हणूनच यांच्याकरवी महिना-दीड महिना सुट्टी मागितली होती.”

“हर्नियाची!” वहिनी एकदम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात धार होती. “आई बरोबर बोलतायत. सुट्टी एका नावाने घ्यायची आणि वापरायची दुसऱ्याच नावाने?”

“सुट्टी मी ऑपरेशनची मागितली होती, वहिनी. हर्निया हा शब्द माझा नाही.”

सगळ्यांनी बाळकडे पाहिलं. बाळ सफरचंदांच्या पिशवीची गाठ सोडवत होता. सुटत नव्हती.

“बाबा,” चिमी म्हणाली, “तुम्ही बोला ना काहीतरी.”

तो गाठीशीच झटत राहिला. धाकटीने थोडा वेळ वाट पाहिली; मग खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठली. आत जाऊन पडावं, एवढंच तिच्या मनात होतं. उठता उठता ठसका लागला. तिने पोटाशी उशी दाबून धरली, खोकली आणि तशीच थांबली.

पोटात काहीतरी हललं होतं. रबरी पिशवीत गरम पाणी हलतं तसं.

“चिमी,” ती शांतपणे म्हणाली, “फुगा शेवटचा कधी रिकामा केलास?”

“काल सकाळी. मग काही आलंच नाही, आई. मला वाटलं, बरं होतंय.”

वहिनी उठल्या. न विचारता त्यांनी पट्ट्याच्या खालच्या कडेला, गाऊनवरूनच हात ठेवला आणि हलकेच दाबलं. हात काढला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

“पाणी आहे हे. नळी तुंबलीय. पाणी आतच साठतंय.”

“सर्जनबाईंना फोन लाव, चिमी,” धाकटी म्हणाली. “आणि माझी चप्पल आण. वाकता येत नाही.”

*

बाळच्या एका खिशात टेम्पोची किल्ली होती, दुसऱ्यात दादाच्या गाडीची. दादाने ती न बोलता त्याच्या हातात कोंबली होती. हॉटेलवाल्यांचा फोन दोनदा वाजून गेला होता. लाँड्री सुरू झाल्यापासून चादरी कधी उशिरा पोचल्या नव्हत्या. वडील गेले त्या दिवशीसुद्धा नाही. आई ते अभिमानाने सांगत.

“चादरी पोचवून ये पटकन,” आई म्हणाल्या. “थोरली नेईल तिला.”

“चादरी थांबतील,” बाळ म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला अनोळखी वाटला. “नाहीतर दादा नेईल.”

“माझी पाठ...” दादाने सुरुवात केली.

“तुमची पाठ मी ओळखते,” वहिनी म्हणाल्या. “एकेक गाठोडं नेऊन टाका टेम्पोत.”

जिना उतरायला धाकटीला फार वेळ लागला. ती उलटी उतरली, शिडीवरून उतरतात तशी. सर्जनबाईंनीच शिकवलं होतं. कोणी धरू लागलं की म्हणे, “धरू नका, फक्त खाली उभे राहा.” बाळ खाली उभा राहिला. तिची पावलं एकेक पायरी चाचपत त्याच्याकडे येत होती. तिने पहिल्यांदा हा विषय काढला होता ती संध्याकाळ त्याला आठवली. “मला तू आहेस तशीच आवडतेस,” तो म्हणाला होता आणि आपण फार चांगलं काहीतरी बोललो असं त्याला वाटलं होतं. तिने त्याच्याकडे पाहून म्हटलं होतं, “अहो, तुम्हाला आवडण्याचा हा प्रश्नच नाही.”

गाडीत ती मागच्या सीटवर रेलून बसली, शेजारी वहिनी. खड्डा आला की वहिनी तिच्या पोटावरची उशी दाबून धरत.

“मला राग आलाय,” शेवटी वहिनी म्हणाल्या.

“दिसतंय.”

“पोटाचा नाही. तुझं पोट, तू शिव नाहीतर उसव. पण दोन आठवडे मी तुझ्या इस्त्रीवर उभी आहे. मला खरं सांगितलं असतंस तर उभी राहिले नसते का?”

“राहिला असता?”

वहिनींनी विचार केला. “राहिले असते. कुरकुरत राहिले असते. पण खरं कळून कुरकुरले असते ना! आता जी माया केली ती हर्नियावर केली. ती परत कशी घेऊ?”

“घेऊ नका. पुढच्या कोणासाठी ठेवा.”

“गप बस. बाळभावजी, खड्डा बघा!”

बाळने खड्डा चुकवला. आरशात त्याला दोघी दिसत होत्या; वहिनींचा हात उशीवर, आणि त्यावर धाकटीचा हात.

दवाखान्यात सर्जनबाईंनी पट्टा सोडला. बाळने ती जखम पहिल्यांदाच नीट पाहिली. रोज पट्टा बांधायची वेळ आली की तो खाली काहीतरी काम काढायचा. लांबलचक, पातळ, लालसर रेघ. आणि तिच्या वर एका बाजूला फुगवटा.

“काय उचललंत?” सर्जनबाईंनी विचारलं.

“गाठोडं,” धाकटी म्हणाली. “उशांच्या अभ्र्यांचं.”

“मी काय सांगितलं होतं?”

“तुम्ही सांगितलं होतं. सासूबाईंनी खालून हाक मारली. त्यांना वाटलं, किरकोळ आहे.”

किरकोळ. तो शब्द बाळने आईला दिला होता, तिला काळजी वाटू नये म्हणून. खरं तर तिने प्रश्न विचारू नयेत म्हणून. तो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला.

सुई बरीच जाड होती. वहिनींनी मान फिरवली. धाकटीने फिरवली नाही. “मला कळतच नाही तिथे,” ती म्हणाली, “बधीर आहे सगळं.” पिवळसर, पातळ पाणी सिरिंजमध्ये चढत गेलं, एक भरली, दुसरी भरली. फुगवटा बसला. तुंबलेली नळी सर्जनबाईंनी काढून टाकली, वर कापसाची जाड घडी ठेवून पट्टा आधीपेक्षा घट्ट केला.

“पुन्हा साठेल, पुन्हा काढू. घाबरण्यासारखं काही नाही. पण आता पहिल्यापासून सुरू समजा. चालायचं रोज, थोडंथोडं. उचलायचं काही नाही. चहाची किटलीसुद्धा नाही. जमेल?”

“जमवणार,” धाकटी म्हणाली. “यांना सांगा. मला दोनदा सांगायला लागत नाही, यांना लागतं.”

“मला कळलं,” बाळ म्हणाला.

*

आई जिन्याच्या तळाशी, पायरीवर बसल्या होत्या. गाडी आली तेव्हा उठल्या नाहीत. उठल्या असत्या तर वाट बघत होत्या हे उघड झालं असतं.

“काढलं पाणी,” वहिनींनी सांगितलं. “गाठोडं उचलल्याने झालं.”

आईंचा हात कठड्यावर घट्ट झाला. “मी मागितलं ते?”

“तुम्ही मागितलं, मी दिलं,” धाकटी म्हणाली. “नाही म्हणायला तोंड होतं मला. वापरलं नाही. आता वापरते. सर्जनबाई हो म्हणेपर्यंत मी खाली येणार नाही, आई. काउंटरलाही नाही. चिमीला तिच्या अभ्यासातून उठवून माझ्या जागी उभं करायचं नाही. माणूस लावा. रागवा, बोलू नका माझ्याशी, चालेल.”

“आई, किरकोळ आहे असं मी सांगितलं होतं,” बाळ म्हणाला. “ते किरकोळ नव्हतं. हर्नियाही मीच काढला.”

“ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं,” आई म्हणाल्या. “खोटं बोललास की तुझे कान लाल होतात. लहानपणापासून. पण आजार दुसरा, मोठा असेल आणि लपवत असशील असं वाटलं. रोज तीच भीती.” त्या थांबल्या. “आणि निघालं काय, तर हे.”

धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं. रोज खालून मारलेल्या हाका तिला आठवल्या. ‘धाकटे, उठलीस का’, ‘धाकटे, ते दे गं’. ओ मिळते की नाही, एवढंच ऐकायचं होतं म्हातारीला.

“आई...”

“मला पटलेलं नाही,” आई तिला तोडत म्हणाल्या. “मरेपर्यंत पटणार नाही. एक विचारते. एवढं सगळं होणार हे माहीत असतं, तर पुन्हा केलं असतंस?”

“केलं असतं. फक्त गाठोडं उचललं नसतं.”

आईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. कापड धुण्याला टाकावं की नको हे ठरवताना न्याहाळत, तसं.

“जा वर,” त्या म्हणाल्या. “बाळ, तिच्या मागे राहा. मागे, पुढे नव्हे. पडली तर पुढे राहून काय करणार आहेस?”

*

माणूस लावला. तो इस्त्रीत फार कपडे जाळत होता, असं वहिनींचं म्हणणं. पट्टा आता सकाळ-संध्याकाळ बाळ बांधत असे; आधी घाबरत, मग सराईतपणे. पाणी पुन्हा साठलं, पुन्हा काढलं. नंतरच्या खेपेला सर्जनबाईंनी सुई हातात घेतली आणि परत ठेवून दिली. काढण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आई वर फारशा येत नसत. आल्या तरी पोटाचं नाव काढत नसत.

धाकटी रोज गॅलरीत चालायची. गॅलरी बरोबर काउंटरच्या वर होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, भिंतीला हात न लावता, पोटाशी उशी धरून. पाठ अजून पुरती सरळ झाली नव्हती, पण समोरच्या इमारतीच्या खिडक्या आता मान न उचलता दिसत होत्या.

एका सकाळी खाली गर्दी होती. कोणा गिऱ्हाईक बाईंचा आवाज वर आला. “सूनबाई दिसत नाहीत बरेच दिवस? ऑपरेशन झालं म्हणे?”

“झालं.”

“कशाचं हो? काही गंभीर तर नाही ना?”

धाकटी गॅलरीच्या मधोमध थांबली. रांगेतल्या माणसांचे कान टवकारलेले वरूनही जाणवत होते. बाळ आतून बाहेर आला, तोंड उघडलं, पण आईंनी त्याला हातानेच थांबवलं.

“पोट सुटलं होतं, ते कमी करून घेतलं,” आई खणखणीत आवाजात म्हणाल्या. “हौस होती तिला. आता चालते रोज वर, ऐका, पावलं वाजतायत. तुमचे शर्ट किती?”

धाकटीला हसू आवरेना. तिने उशी पोटाशी गच्च आवळली. टाके ओढले, डोळ्यांत पाणी आलं, तरी हसतच राहिली. मग खालून ऐकू जाईल असं पाऊल आपटून ती पुढे चालू लागली.